अंगठ्यावरचा लाल रंग

परवा समता कॉलोनीतल्या घरी कपाटाला पॉलिश करायला माणूस आला आणि त्याच्या बंद डब्यातूनही येणाऱ्या स्पिरिटच्या वासाने मला बाबांचा तंबाखू ओढायचा नवा पाइप आठवला. ते रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा माझ्या भावाने तो आणून दिला होता, लाकडाचा, स्पिरिटमधला गर्द लाल रंग दिलेला. नवा पाइप एकदम भरायचा नसतो. आधी तळाशी चिमूटभर तंबाखू, मग हळूहळू वर, म्हणजे आतून काळा थर धरतो आणि लाकूड जळत नाही. बाबा रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून तेवढाच ओढायचे. पाइप तापला की त्याचा रंग सुटून त्यांच्या अंगठ्याला लागायचा. "स्विचवर, पडद्यावर, सगळीकडे डाग करून राहिले तुम्ही," आई कुरकुरायची, "एकदाचा पुरा भरून ओढून टाका न." बाबा म्हणायचे, "घाई काहून करतेस? थर अर्ध्यापर्यंत आला आता." त्याच आठवड्यात ते गेले. शेवटची आंघोळ घालताना भाऊ त्यांचा अंगठा साबणाने घासत राहिला, पण लाल रंग निघेना. दारातून आई शांतपणे म्हणाली, "राहू दे. त्यांचा पाइप अजून पुरा व्हायचा आहे." आम्ही तिला आत नेलं. तेव्हापासून तो पाइप माझ्या कपाटात आहे, आतून अर्ध्यापर्यंत काळा आणि वर कोरं लाकूड. त्यात पुन्हा कुणी तंबाखू भरली नाही. थंड पाइपचा रंग सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. परवा पॉलिशचा डबा उघडायच्या आधी कपाट रिकामं करताना मी तो हातात घेतला. तो कोमट होता, आणि खाली ठेवला तेव्हा माझा अंगठा लाल झाला होता.