धड्यातले शेजारी

मुंबईतल्या एका वर्तमानपत्रात बातम्या तपासायचं काम काही वर्षं केल्यावर मी भिवंडीतल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवायला लागले. नव्या शतकाची चार-पाच वर्षं उलटली होती. शाळेच्या दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने होते, त्यामुळे वर्गात ओरडून बोलावं लागे. नवीन शिक्षकाचा घसा पहिल्या महिन्यात बसतो, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. बसल्यावर सगळ्यांनी सांगितलं.

दहावीला हुकूमशाहीच्या उदयाचा धडा दिवाळीच्या सुट्टीनंतर येई. पुस्तकात तो थोडक्यात उरकला होता. इटली, जर्मनी, कारणं, परिणाम. मुलं कारणं पाठ करत: महायुद्धातला पराभव, अपमानकारक तह, महागाई, बेकारी, दुबळं सरकार. एवढं लिहिलं की परीक्षेत गुण मिळत, आणि ते मुलांना माझ्याहून नीट ठाऊक होतं.

"बाई, हुकूमशहा कसा झाला ते विचारत नाहीत," मागच्या बाकावरच्या मुलाने मला समजावलं. "का झाला तेवढंच विचारतात."

मी तरीही 'कसा' शिकवायला घेतलं. पुस्तकात एक वाक्य होतं की जर्मनीत ज्यू लोकांच्या दुकानांवर बहिष्कार टाकण्यात आला. असं वाक्य बातमीत आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. मी विचारलं, "कोणी टाकला?"

"सरकारने," वर्ग एका सुरात म्हणाला.

मी सांगितलं की एका ठरलेल्या दिवशी दुकानांसमोर गणवेशातली माणसं उभी केली होती. काही ठिकाणी दमदाटी झाली, मारहाण झाली. पण पुष्कळ ठिकाणी तो माणूस नुसता पाटी घेऊन उभा होता. रोज त्याच दुकानातून पाव घेणारी बाई पिशवी घेऊन आली. तिने काय केलं असेल?

"घेतला असेल."

"मार खायला?" दुसऱ्याने विचारलं.

"दुसऱ्या दुकानात गेली असेल ना बाई. पाव काय, कुठेपण भेटतो." वर्ग हसला.

खिडकीकडच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. ती सहसा बोलत नसे. उभी राहून म्हणाली, "तिला घ्यायचा होता. पण मागून कोण बघतंय ते तिला माहीत नव्हतं. पाटीवाला समोर असतो बाई, तो दिसतो. मागचे आपलेच असतात."

शेलार, काल्हेर या बाजूंच्या गावांतून रिक्षाने येणारी बरीच मुलं वर्गात होती. त्यांतली खाडीकाठच्या एका गावची चार-पाच मुलं एकदम बाकाकडे बघायला लागली. पहिल्या बाकावरची मुलगी फळ्यावरून काहीतरी उतरवून घेत होती. फळा कोरा होता.

पहिल्या बाकावरची आणि खिडकीकडची, या दोघी एकाच गावच्या. पाचवीपासून एका बाकावर बसत. शिक्षकांच्या खोलीत दोघींचा उल्लेख जोडीनेच होई. एकीची रजा लागली की दुसरीचीही धरत. दिवाळीनंतर त्या वेगळ्या बसायला लागल्या होत्या. मुलींची भांडणं असतात, म्हणून मी विचारलं नव्हतं.

तास संपल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी थांबली. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "बाई, आमचे गावान पन तसाच हाय." मग तिला शाळेची भाषा आठवली आणि पुढचं तिने त्या भाषेत सांगितलं.

रस्त्याकडेची शेतं गोदामं बांधणाऱ्या एका बिल्डरला सगळ्यांनी मिळून द्यायची, असं गावाने ठरवलं होतं. तिचे वडील नाही म्हणाले. हातपाय चालतात तोवर भात लावणार, म्हणाले. त्यांचा तुकडा मधोमध होता. दिवाळीच्या आधी देवळात गावकी बसली. गावकी म्हणजे गावातल्या जाणत्या पुरुषांची बैठक. गावकीचा शब्द त्या गावात ग्रामपंचायतीच्या वर होता. गावकीने घर वाळीत टाकलं. हुकूम छोटा होता. त्यांच्या दारात जायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, मोडेल त्याचंही तेच होईल. तिची मैत्रीण शेजारच्या घरात राहत होती आणि मैत्रिणीचे वडील गावकीत होते.

"ती तुझ्याशी शाळेतही बोलत नाही?"

"गावची पोरं असतात ना बाई वर्गात. घरी सांगतात." मैत्रिणीची बाजू तीच मांडत होती. "तिचा माझ्यावर राग नाही."

तिच्या मनात दुसरंच होतं. माघात तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना सगळं माहीत होतं, ते डगमगले नव्हते. मांडववाला भिवंडीतून येणार होता, आचारी भिवंडीतून, बेंजोपार्टीही. अडत होतं ते धवलारणीपाशी. तिच्याकडच्या लग्नात हळदीपासूनचे विधी धवलारीण करते आणि गाणी म्हणून एकेका देवाला लग्नाला बोलावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. गावची धवलारीण एकच होती: शेजारच्या मैत्रिणीची आजी. परगावच्या धवलारणी दुसरीच्या गावात परस्पर जात नाहीत. दोघींना विचारून झालं होतं, दोघींनी तेच सांगितलं.

"आई लग्न होऊन इकडे आली तेव्हा पण त्याच आजी होत्या," मुलगी म्हणाली. "आई रडते. बोलते, देव न बोलावता कसली हळद. ताई बोलते, कोर्टात करू, तिकडे कोण गात नाही." शेवटचं सांगताना ती थोडं हसली.

मला करण्यासारखं काही दिसेना. लग्नाला या, असं तिने म्हटलं. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर नेहमीप्रमाणे अर्धा कप चहा होता. तो पूर्ण प्यायलेला मी कधी पाहिला नाही.

"बाई, तुम्ही दहावीला गावकी शिकवताय असा फोन आला."

"जर्मनी शिकवतेय."

"मग जर्मनीत काय झालं ते जर्मनीतच राहू द्या. आपल्या वरच्या वर्गांचे पत्रे त्याच गावकीने घालून दिलेत."

"ते गळतात, सर."

"गळतात," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतोय. पुन्हा घालून घ्यायचेत."

माणूस वाईट नव्हता. शाळेला मुलं कमी, छप्पर जुनं, सरकारी अनुदान उशिरा, हे सगळं त्यांना एकट्याने सांभाळावं लागे. उठताना ते म्हणाले, "धडा पूर्ण करा मात्र. अर्धवट ठेवू नका." याचा अर्थ काय घ्यायचा ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

पुढच्या तासाला मी वर्गात स्पष्ट सांगितलं की एका देशाची राजवट आणि एखाद्या गावाची बैठक यांची तुलना होत नाही. तिकडे सैन्य होतं, पोलीस होते, छळछावण्या होत्या, लाखो माणसं मारली गेली. शब्द वापरताना माप चुकवायचं नाही. मुलांनी ऐकून घेतलं. मग खिडकीकडची मुलगी उभी राहिली.

"बाई, त्या दिवशी कोणीच दुकानात गेलं नाही?"

"काही जण गेले. बऱ्याच ठिकाणी गेले."

"त्यांचं काय झालं?"

हा प्रश्न कोणाविषयी आहे हे मला कळलं होतं. वर्गातल्या निम्म्या मुलांनाही कळलं असावं. पहिल्या बाकावरचं डोकं वर झालं नव्हतं. विचारणारीला धीर यावा म्हणून मी काहीही बोलू शकले असते, पण जे वाचलं होतं तेच सांगितलं. "काहींचे फोटो काढले. काहींची नावं लिहून घेतली, नंतर त्रास दिला. पुष्कळांना त्या दिवशी काहीच झालं नाही."

"काहीच नाही?"

"त्या दिवशी नाही."

ती खाली बसली. मी कारणांकडे वळले, कारण परीक्षेत तीच येणार होती.

हळदीच्या दिवशी मी दुपारनंतर गेले. रिक्षावाल्याला घर विचारावं लागलं नाही, बेंजो वेशीपासून ऐकू येत होता. मांडव मोठा होता आणि खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. आईच्या माहेरची माणसं अकलोलीहून जीप करून आली होती. मुलाकडच्या चार बायका होत्या. गावातली लहान पोरं गल्लीच्या तोंडाशी उभी राहून नाचत होती, पाऊल पुढे टाकत नव्हती. गच्च्यांवर बायका होत्या. आपण कपडे वाळत घालायला आलो आहोत असं त्या दाखवत होत्या. एवढे कपडे त्या गावात कोणी धुतले नसतील.

नवरी पाटावर बसली होती. माझी पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी हळदीचं ताट धरून उभी होती. आईने एकदा शेजारच्या घराकडे पाहिलं आणि मुलाकडच्या बाईला म्हणाली, "घ्या, लावायला घ्या. थांबून काय होनार हाय."

त्याच वेळी शेजारच्या ओटीवर आजी आली. नऊवारी नेसलेली, अंबाड्यात अबोली. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढा कुंपणाचा बांध होता. ती बांधाकडे आलीच नाही. आपल्या ओटीवर पाट टाकला, बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि पहिली ओळ म्हटली. आवाज चिरका होता. बेंजोच्या म्होरक्याने हात वर केला, वाद्यं थांबली.

घरातून तिचा मुलगा ओरडला, "आय, आत ये. लोका बघतान."

"बघू दे," आजी म्हणाली. "त्यांचे दारान जाव नको बोललाव. मी गेली नाय. माझे दारान बसलेय."

"आन बोलायचा पन नाय ठरलाय!"

"मी कोनाशी बोलते? देवाशी बोलते. तुझे गावकीनं देव पन वाळीत टाकलाय का?"

गच्चीवर कोणीतरी हसलं.

पण धवल्याची ओळ एकटीने पुढे जात नाही. एक म्हणते, दुसरी उचलते, मग पुढची येते. आजीची ओळ उचलणारी जोडीदारीण दोन घरं सोडून राहायची. तिचं दार बंद होतं. आजीने तीच ओळ पुन्हा म्हटली आणि थांबली. मांडवात सगळे तिकडे बघत होते. आजी बंद दाराकडे बघत होती. तिने तिसऱ्यांदा तीच ओळ म्हटली.

या खेपेला ओळ उचलली गेली. आजीच्या मागे दाराच्या चौकटीत खिडकीकडची मुलगी उभी होती, शाळेच्या दोन वेण्या तशाच. डोळे घट्ट मिटलेले. सूर खाली होता, अर्ध्यावर शब्द विसरली. आजीने मान न वळवता पुढचा शब्द दिला, तो तिने घेतला. पुढची ओळ नीट आली. त्याच्या पुढची आणखी नीट. एका गच्चीवरून आणखी एक आवाज मिसळला. तो कोणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

वाळीत टाकलेलं घर यामुळे लगेच मोकळं झालं नाही. आजीला गावकीने देवळात बोलावलं, तिथे तिने ओटीवरचंच पुन्हा सांगितलं आणि घरी परतली. बंदी मात्र पुढच्या भातलावणीनंतरच उठली. तोवर दोघी दहावी होऊन गेल्या होत्या, आणि परीक्षेपर्यंत वर्गात वेगळ्याच बसल्या. हे सगळं नंतरचं आहे. त्या दुपारी मांडवात यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं.

मी माझ्या विद्यार्थिनीच्या हातातलं ताट घेतलं. तिने डोळे पुसले नाहीत, नुसती बांधापलीकडे बघत राहिली. नवरी पाटावरून उठली. कोणाला न विचारता तिने पाट उचलला, बांधाच्या कडेला नेऊन ठेवला आणि त्या घराकडे तोंड करून बसली.

वडील पुढे झाले. "अगो, पूर्वेला तोंड लागते. उलटी बसलीस."

"ऱ्हाव दे," आई म्हणाली. तिने ताटातल्या वाटीतली हळद बोटांवर घेतली आणि तिकडेच चालत गेली. "तिथून तिला ऐकू येते."