महिपती पेंटरचा दुसरा जन्म

अंथुर्ण्याच्या महिपती पेंटरचं तेरावं मी पोटभर जेवलो होतो. त्यामुळे छत्तीस सालच्या माघात तोच महिपती बगलेत ब्रशांची गुंडाळी धरून वेशीत उभा दिसला, तेव्हा आधी मला त्या लाडवांची लाज वाटली.

हा गडी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवी. जंगल, राजवाडा, कैलास, काय म्हणाल ते. त्याच्या पडद्यावरची नदी पाहून माणूस धोतर वर खोचेल, असा हात. स्वतःच्या घराला मात्र त्यानं कधी चुन्याचं बोट लावलं नाही. एकोणीस साली बारामतीला एका कंपनीचा फाटका पडदा दुरुस्त करायला गेला, आणि कंपनीबरोबरच पसार झाला. मागे बायको ठमाबाई, सहा वर्षांचा रामहरी आणि पोटात सारजा.

ठमाबाईनं वाट पाहिली. बारामतीहून कुणी आलं की ती दारात येई. आम्ही टवाळ मंडळी सांगायचो, "वहिनी, कंपनी फलटणला हाय म्हनं." फार हसायचो तेव्हा.

बारा वर्षं बेपत्ता असलेला माणूस मेला असं धरायची रीत. रामहरीनं वर दोन वर्षं थांबून दर्भाचा बाप केला, त्याला अग्नी दिला, तेरावं घातलं. त्या दिवशी ठमाबाईचं कुंकू पुसलं.

आणि आता बोलपटांनी कंपनी बुडवली, म्हणून मयत घरी आलं! मीही त्याच्या मागोमाग गेलो. ओसरीवर पाय ठेवताच महिपतीनं समोरच्या तरण्या पोरीला हाक मारली, "ठमे!"

"आई आत हाय," पोर म्हणाली. "मी सारजा." आणि आत जाऊन रडत बसली.

रामहरी गोठ्यातून आला. "कोन पायजे?"

"रामा, मी तुजा बाप."

"त्यो मेला. म्या आग दिलीया." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ह्या तात्यास्नी इचारा, लाडू ह्येंनी खाल्ल्यात."

तोंड लपवायला मी धावत जाऊन भटजींना आणलं. त्यांनी पोथी चाळली. "सोय आहे. मरणाचे विधी झालेत, तर जन्माचे पुन्हा करायचे. बारसं, मुंज, सगळं. मग त्याच बायकोशी नव्यानं लग्न."

ओसरीपुढे जमलेलं गाव खूष झालं. पन्नाशीचं बाळ! शेजारची छबूबाई म्हणाली, "पाळना कुनाचा आनायचा? ह्येला तर बैलगाडीच टांगावी लागंल!"

महिपतीही हसला. पडदा बिघडला तर वरून दुसरा हात मारायचा, एवढंच त्याला ठाऊक. "लगीन आजच लावू," तो म्हणाला.

तेवढ्यात ठमाबाई उंबऱ्यात आली.

"बारसं करा ह्येंचं. लगीन न्हाय."

"ठमे, अगं..."

"चौदा वर्सं कुंकू लावून दाराकडं बघत हुते. हळदीकुंकवाला बोलवावं का न्हाय, बायका इचारात पडायच्या. हे भावजी फलटनचं सांगून जायाचे, मला खरं वाटायचं. कुंकू पुसलं तवा लई रडले. मग दाराकडं बघायचं सुटलं. आता पुन्हा न्हाय बघायची."

मी जमिनीकडे पाहत होतो. महिपतीच्या बगलेतली गुंडाळी खाली आली.

"मग म्या जल्म तरी कशाला घेऊ?"

"लेकरं हायत की. सारजी झाली तवा तुमी कैलास रंगवत हुता. त्यांचा बाप होनं राहिलंय. जमतंय का बघा."

ती आत गेली. गावाला एकदम आपापली कामं आठवली. महिपती वेशीच्या दिशेनं वळला. वाटलं, गेला हा परत. मग डोळे पुसत दारात आलेल्या पोरीला हळूच म्हणाला, "सारजा, पानी देशील?"

सारजानं भावाकडे पाहिलं. रामहरी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"दे," तो म्हणाला. आणि भटजींकडे न बघताच, "बारशाचं तेवढं सांगा. लग्नाचं पान मिटा."