बांगड्याच्या कढीआडची शाळा

कुडाळच्या शाळेतून इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, तेव्हा यापुढे कुणाचंही व्याकरण सुधारायचं नाही असं ठरवलं होतं. मग पुण्याहून भाचीचा फोन आला. अफगाणिस्तानात सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद आहे, मोबाइलवरून शिकवशील का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणून बसले.

एकाच घरात जमणाऱ्या चार मुली होत्या. चेहरे कधी दिसले नाहीत, नुसते आवाज. थोरलीनं पहिल्याच दिवशी बजावलं, "टीचर, घरात परकं कुणी आलं तर मी स्वयंपाकाचं काहीतरी विचारीन. तुम्ही लगेच पाककृती सांगायला लागा."

एका दुपारी कर्मणी प्रयोग चालला होता. "शाळा बंद करण्यात आली," मी वाक्य दिलं.

"सोयीचा प्रयोग आहे," थोरली म्हणाली. "कुणी बंद केली ते सांगावंच लागत नाही."

आम्ही हसत होतो, तोच तिचा आवाज बदलला. "टीचर, मग मासे कधी घालायचे?"

मुली शिकताना दिसल्या की वर कळवणारे शेजारी दारात आले होते. मी बांगड्याची कढी सुरू केली. आवाज वर्गातला लावला. एवढ्यात झोपाळ्यावरून नवरा म्हणाला, "तिरफळां घालूक इसारलंस."

"माका ठावक आसा. तुमी गप रवा."

पलीकडून पुरुषी आवाज आला. थोरलीनं इंग्रजीत सांगितलं, "शेजारचे काका विचारतायत, इथे नारळ मिळत नाही. मग काय घालायचं?"

नारळाशिवायची कढी माझ्या माहेरी-सासरी कुणी ऐकलीही नव्हती. "अक्रोड वाटून घाला," मी ठोकून दिलं. काकांना ते पटलं. त्यांचा चहा संपेपर्यंत मला तळलेल्या सुरमईपर्यंत जावं लागलं.

ते गेले. मग धाकटी हसायला लागली आणि तिच्या मागून सगळ्याच. मी पदरानं डोळे पुसले. थोरली म्हणाली, "पुढचं वाक्य द्या, टीचर."

आता ती परदेशातल्या एका कॉलेजात घरबसल्या शिकते, आणि गल्लीतल्या शाळा बंद झालेल्या मुलींना स्वतः शिकवते. परवा तक्रार करत होती, "मुली फार दंगा करतात."

"त्यांना म्हणावं, हळू बोला," मी म्हटलं.

"हळूच बोलतात, टीचर. आमच्याकडे दंगासुद्धा कुजबुजत करतात."