दोन मशीन आणि बाबांचा चष्मा
भिंगाच्या मध्यावर खूण करायच्या शाईचा वास आला, की भंडाऱ्याच्या चष्म्याच्या दुकानातली माझी पहिली नोकरी आठवते. मालकांनी भिंगाचा नंबर मोजायचं कॉम्प्युटरवालं मशीन आणलं होतं आणि ते जुन्या, डोळा लावून चकती फिरवायच्या मशीनइतकं बरोबर सांगतं का, हे मला पाहायचं होतं. मोहाडीहून बाबा भेटायला आले होते; ते घरी हातमागावर कापड विणायचे. मी त्यांचाच चष्मा घेतला. जुन्यात हिरव्या रेषा स्पष्ट झाल्या तेव्हा चकतीवर अधिक एक निघाला, नव्यानेही तोच दाखवला. "चला, फसलो नाही!" मालक हसले. मी मात्र पुन्हा पुन्हा मोजत राहिलो, कारण बाबांच्या वयाला एवढ्या कमी नंबरात जवळचं बारीक सूत दिसणं शक्यच नव्हतं. "बाजारातून घेतला," बाबा म्हणाले. "खिशात सूत नेलं होतं, उन्हात चांगलं दिसलं. घरी मागाच्या खड्ड्यात बसलो तं काहीच नाही. मले वाटलं, डोळेच गेले." मी बरोबर नंबरची भिंगं त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचा एक धागा ओढून पाहिला. "अरे, दिसते ना बे!" मग हळूच म्हणाले, "पण माग तं मोडून टाकला ना बेटा. लाकडं चुलीत गेली." "मले काहून नाही सांगितलं, बाबा?" "परीक्षा होती तुई. तू डोळ्याचंच शिकून राहिला होता, तुले कायले तरास?" आज बाबा नाहीत. शिकत असताना सुट्टीत मी गावभर लोकांचे चष्मे पाहत फिरायचो. बाबांचा मात्र एकदाही मागितला नव्हता.