खिळ्यावरचा निळा पट्टा

उस्तादांच्या भुवयांत कायम कापूस अडकलेला असायचा. अहेरीच्या बाजारात त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजायचा आणि संध्याकाळी दुकानामागच्या शेडमध्ये आम्हाला जिउजित्सू शिकवायचं. दोन्ही कान चुरगळून गोळा झालेले, मान डोक्याएवढीच जाड, आणि आवाज मात्र इतका मऊ, की नवख्याला वाटावं, हा माणूस कुणाची तरी समजूत घालतोय. गाव त्यांना गादीवाले म्हणायचं, आम्ही उस्ताद. त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतका राग मला दुसऱ्या कुणाचा आला नाही. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दोन्ही गोष्टी आहेत तशाच आहेत.

तरुणपणी ते अबुधाबीला गेले होते. तिथल्या एका व्यायामशाळेत जमिनीवरच्या गाद्या पुसायचं काम. तिथं ब्राझीलचा एक मास्तर ही खालची कुस्ती शिकवायचा. ठोसा नाही, लाथ नाही. खाली धरायचं, हात पिळायचा नाहीतर गळा आवळायचा, आणि समोरच्यानं जमिनीवर हात आपटला की त्याच क्षणी सोडायचं. उस्ताद पुसता पुसता बघू लागले, बघता बघता शिकले, आणि पांढरा, निळा करत जांभळ्या पट्ट्यापर्यंत पोचून गावी परतले. "मास्तरनं मले निळा द्याची परवानगी देल्ली, त्याच्यावरचा नाई," हे ते पहिल्याच दिवशी सांगून टाकत. म्हणजे अख्ख्या अहेरीत मिळण्यासारखा पट्टा एकच, आणि त्यासाठीसुद्धा वर्षानुवर्षं लोळायचं!

खरं तर या खेळात जाड डगला घालतात आणि त्यावर पट्टा बांधतात. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात डगला घालून कोण लोळणार? आम्ही टी-शर्ट आणि ट्रॅकपँटवरच खेळायचो. त्यामुळे पट्टा मिळाला त्या दिवशी तेवढा कमरेला बांधायचा, मग तो शेडच्या भिंतीवर आपल्या नावाच्या खिळ्याला. एका मुलानं विचारलं, "कमरेले बांधाचाच नाई, तं पट्टा कायले पाहिजे, उस्ताद?" ते म्हणाले, "बेट्या, खाली पडून गळा आवळला जाते ना, तवा भिंतीवर बरोबर दिसते तो."

आम्हा मुलींच्या अंगाला ते बोट लावत नसत. जुन्या ताडपत्रीचा एक माणूस त्यांनी शिवला होता, मानेसकट, आत गादीचाच कापूस. त्याच्यावर ते डाव दाखवायचे आणि मग त्यांची मुलगी नजमा तोच डाव आमच्यावर करायची. दाराशी तिची आई, आमची चाची, डाळ निवडत बसायची, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी. तरी माझी आई चामोर्शीहून आली की सुरू व्हायची, "काऊन वं सुनंदा, मामाकडे तुले शिकाले ठेवलं का लोळाले?" एकदा चाचीनं तिला शेजारी बसवून घेतलं आणि डाळ निवडायचं सूप तिच्याच मांडीवर सरकवलं. त्यानंतर आईची कटकट बंद झाली नाही, पण निम्मी झाली.

उस्तादांचा एकच धोशा असायचा, खोटा हात आपटायचा नाही. मी एकदा कंटाळून, नजमाचा हात गळ्यापर्यंत पोचायच्या आतच पटकन हात आपटला. उस्तादांनी सगळ्यांना थांबवलं. "तुले दुखलं काय?" मी नाही म्हटलं. "मग तू पोरीले खोटं शिकवून राह्यली. तिले वाटलं, आपला डाव जमला. उद्या ती याच डावावर मार खाईन." त्या दिवशी मला घरी पाठवलं. मी रस्ताभर रडत आणि त्यांना शिव्या देत गेले, दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी हजर.

पट्टा देण्याची त्यांची रीतही त्यांचीच. स्वतः ते कुणाला पट्टा बांधत नसत. "ज्यानं तुझ्याखाली हात आपटला, त्यानंच बांधाचा. हारलेला माणूस खोटं बोलत नाई." माझा निळा पट्टा माझ्याबरोबर शिकणाऱ्या लतानं बांधला, तोंड एवढंसं करून, गाठ अशी करकचून की मला श्वास घेता येईना. सगळे हसले. नजमा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती, आणि तिथंच माझा आनंद नासला. कारण लतानं माझ्याखाली हात आपटला असेल, पण मी नजमाखाली रोज आपटत होते. लता आपटत होती. सगळ्याच आपटत होत्या. आणि नजमाच्या नावाचा खिळा रिकामा!

मी तिथंच बोलले, "उस्ताद, हा अन्याय आहे." ते कापूस झटकत म्हणाले, "तिले देल्ला तं लोक म्हणतीन, बापानं घरात वाटला. मग तुमचे बी पट्टे खोटे होतीन." सरळ माणसाचं हे असं असतं बघा. सरळपणाचं ओझं दुसऱ्याच्याच डोक्यावर. नजमा गाद्या आवरू लागली. तिला पट्टा किती हवा होता, हे मला माहीत होतं. त्या खिळ्यावरची धूळ ती रोज पुसायची.

मग तिचं लग्न ठरलं, चंद्रपूरला. निकाहच्या आधीच्या आठवड्यात ती हातावर मेंदी लावायची सोडून शेडमध्ये आली आणि बापासमोर बसली. "अब्बा, लोकाईचं सोडा. तुम्हीच बसा समोर. तुम्ही हात आपटला तं पट्टा देसान?" उस्तादांनी बाह्या वर सारल्या. मग गुडघ्यांवर आले.

ती त्यांच्या पाठीवर कधी चढली, कळलंही नाही. हात गळ्याभोवती बसला. उस्तादांचा चेहरा लाल झाला, मग काळपट. त्यांचा उजवा पंजा गादीवर उघडा पडला होता. फक्त उचलून आपटायचा होता. त्यांनी आपटला नाही. मान कलली आणि नजमा "अब्बा!" म्हणून ओरडत बाजूला झाली. चाचीनं धावत येऊन त्यांचे पाय उचलून धरले. क्षणात ते शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य काय? "मी हात आपटला काय?"

"नाई," नजमाच म्हणाली.

"मग झालं."

ती पट्ट्याविनाच सासरी गेली. बिदाईच्या वेळी उस्ताद खूप रडले, पण मला त्यांची दया आली नाही. शेडमध्ये आता डाव ताडपत्रीचा माणूस आणि मी असे दोघं मिळून दाखवायचो. उस्ताद मध्येच बोलायचे थांबत आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत. काही महिन्यांनी त्यांनी मला हाक मारली आणि हातात एक विटका निळा पट्टा ठेवला. अबुधाबीचा, त्यांचा स्वतःचा. "चंद्रपूरले जाऊन तू बांधून ये. तू तिच्याखाली हात आपटला आहे. मी बांधला तं बापाचा होते."

मी एसटीनं गेले. नजमानं चहा दिला, पट्टा हातात घेतला, त्याचा वास घेतला आणि घडी घालून परत माझ्या मांडीवर ठेवला. "खोटा हात आपटाचा नाई, हे अब्बानंच शिकवलं ना? मग गळा आवळल्यावर बी न आपटणं, ते का खरं होतं? ते खोटं बोलले, सुनंदा. मले तुह्या हाताचा पट्टा नाई पाहिजे."

हे मी उस्तादांना जसंच्या तसं सांगितलं, त्यांना लागावं म्हणूनच. ते पिंजलेल्या कापसातून उठले. भुवया पांढऱ्या, डोळे लाल. मग एकदम म्हणाले, "फोन लाव तिले."

तेव्हा रेंज फक्त दुकानाच्या पुढच्या पायरीवर मिळायची. उस्तादांनी शेडमधली एक गादी ओढत पायरीखाली रस्त्यावर आणली. आठवडी बाजाराचा दिवस, समोर मिरच्यांचे ढीग, टोपल्या, निम्मा गाव. लोक काय म्हणतील म्हणून ज्यांनी पोरीला पट्टा दिला नाही, ते उस्ताद भर बाजारात त्या गादीवर गुडघे टेकून बसले.

"नजमा," मी फोनवर म्हटलं, "अब्बा बसले आहेत. ऐक."

मी फोन गादीजवळ धरला. उस्तादांनी उजवा पंजा उचलला आणि आपटला. पुन्हा आपटला. मिरच्या तोलणारी बाई तराजू हातात धरून बघत राहिली. "काय झालं गादीवालेभाऊ?" कुणीतरी विचारलं. उस्ताद मोठ्यानं म्हणाले, "पोरीनं हरवलं मले. खरं हरवलं."

मी फोन कानाला लावला. मला वाटलं, रेंज गेली. मग नजमाचा आवाज आला.

"ऐकू आलं. अब्बाले म्हण, सोडलं."