साहेबानं दिलेले भज्यांचे पैसे
गरम डांबराचा वास आला की मला नायगावजवळच्या फाट्यावरचं आमचं हॉटेल आठवतं, आणि तो साहेब. महामार्ग मोठा होणार म्हणून तो मोजणीला आला होता. बाकड्यावर नकाशा पसरून बसला होता, आणि बाबा चहा घेऊन जवळ गेले की त्याची घडी घालत होता. सरकारी माणसाकडून पैसे घ्यायचे नाहीत, ही आमच्या फाट्यावरची रीत. पण उठताना साहेबानं चहा-भज्यांचे पैसे काढले, बाबा नको नको म्हणत असताना गल्ल्यावर ठेवले आणि खाली मान घालून जीपमध्ये बसला. बाबांचा चेहराच उतरला. आईला म्हणाले, "सायब पैसे देऊन गेला, म्हंजे कायतरी काळंबेरं हाय. हॉटेल पाडतेत बघ आपलं." दुसऱ्या दिवशी शेजारच्या साऱ्या दुकानांवर पाडकामाच्या लाल खुणा पडल्या, आमची भिंत तेवढी कोरी. पंक्चरवाल्यानं डोळे बारीक करून विचारलं, "भज्यात काय घातलं होतं, मालक?" बाबा लई हसले. पुढे शेजाऱ्यांना मोबदला मिळाला, त्यांनी नव्या रस्त्यावर धाबे टाकले. आमच्या दारासमोर मात्र उड्डाणपुलाची भिंत उभी राहिली आणि हैदराबादचे ट्रक डोक्यावरून जाऊ लागले. परवा देगलूरला जाताना मीही त्याच पुलावरून सुसाट गेलो. रस्त्यानं भाग सुधारला म्हणतात, ते खोटं नाही. पण आमचं हॉटेल कुठं राहणार, हे साहेबाला त्या नकाशात दिसत होतं. म्हणूनच त्यानं भज्यांचे पैसे दिले.