जोडलेल्या पत्र्याचा काटकोन

पत्र्याला स्वतःचं मत असतं, हे वहिनींइतकं कुणालाच पटलेलं नव्हतं. दाबला की वाकतो आणि सोडला की हट्टी पोरासारखा थोडा परत उठतो. साधा पत्रा असला की वहिनी त्याला काटकोनापेक्षा जरा जास्तच दाबायच्या. मग तो उठून बरोबर जागेवर यायचा. पण त्यांच्या घरच्या वर्कशॉपात ढकलगाड्यांचं नवं काम आलं आणि सगळंच बिनसलं. अर्धा पत्रा जाड, अर्धा पातळ, आणि मध्ये वन्संनी, म्हणजे त्यांच्या नणंदेने, केलेलं वेल्डिंग. जाड बाजू कमी उठायची, पातळ जास्त. पत्रा पिळवटायचा, वर सांध्याला तडा!

मग काय, नणंद-भावजयीची जुंपली. "वेल्डिंग कच्चं," वहिनी म्हणायच्या. "हिचा हातच जड," वन्सं म्हणायच्या. शेवटी वहिनींचा नवरा वैतागला. "आजचा पत्रा फुटला तर वाकवायचं मशीन विकून टाकू. ते काम बाहेरून करून घेऊ."

घरच्यांच्या नाकावर टिच्चून वहिनी ते मशीन शिकल्या होत्या, त्यात त्यांचा जीव होता.

आधी फुटलेला एक पत्रा त्यांनी खिडकीपाशी नेला आणि नीट न्याहाळला. वेल्डिंग पक्कं होतं! तडा सुरू झाला होता ग्राइंडरच्या ओरखड्यातून. सांधा चकचकीत दिसावा म्हणून वन्सं ग्राइंडर सांध्याला आडवा फिरवायच्या आणि ओरखडे नेमके जिथे वाकवायचं तिथेच, त्याच दिशेने पडायचे.

"वन्सं, तुमचं वेल्डिंग एक नंबर आहे. चुकलं माझंच बोलणं. फक्त ग्राइंडर सांध्याच्या लांबीने फिरवा ना."

"एवढं कौतुक? काहीतरी काळंबेरं दिसतंय," वन्सं म्हणाल्या. पण नव्या पत्र्यावर तसाच फिरवला हो!

वहिनींनी पातळ बाजूकडे साच्याखाली एक बारीक पट्टी सारली, म्हणजे ती बाजू जरा जास्त दाबली जाईल. मग पेडल दाबलं. वन्सं आणि नवरा जवळ सरकले. कुठे टक् नाही, टुक् नाही. दाब सोडला तसा पत्रा उठला, आणि दोन्ही बाजू एकदमच थांबल्या. काटकोन तपासायचा गुण्या लावला, तर फटीतून उजेडसुद्धा दिसेना!

"अगं बाई! जमलं की गं!" वन्संनी हातमोज्यांसकट भावजयीला मिठी मारली. वहिनींना हसू आणि रडू एकदमच फुटलं.

नवऱ्याने सांध्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "मशीनचं म्हणत होतो मी..."

"मशीनला तेल हवंय," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "उठा, घेऊन या."

आणि गृहस्थ निमूटपणे तेल आणायला गेले.